फीत बांधलेली मच्छरदाणी

मित्रांनो, मी एक जुनी मच्छरदाणी. तुम्ही मला कदाचित फोटोत पाहिलंही असेल. समुद्राकाठची खोली, पांढरा पलंग, आणि त्यावर मधोमध गुलाबी फितीनं आवळलेली मी. लोक म्हणतात, किती गोड! गोड कसली डोंबलाची? बांधून ठेवलेली मच्छरदाणी काय कामाची?

माईनं मला स्वतःच्या हातानं शिवलं. तेव्हा या बेटावर येणाऱ्या पाहुण्यांना ती घरातली एकच खोली द्यायची. तिचा मुलगा बाळ्या डासांच्या तापातून जेमतेम वाचला होता. म्हणून तिनं जाळीचं कापड आणलं आणि कडांना जाड सुती पट्टी लावली. कुठे फाटलं की लगेच ठिगळ बसायचं. बाळ्या दुपारी पाण्यात डुंबून आला की माझ्या आत गाढ झोपायचा. "दिवसासुद्धा चावतात मेले," असं पुटपुटत माई माझ्या कडा गादीखाली खोचायची. त्या पोराला मी माझ्या पोटात वाढवलं, असं म्हटलं तरी चालेल.

पाहुण्यांनाही माई सोडायची नाही. उन्हात टोपी घाला, पाणी उकळलेलंच प्या, लाटा उसळल्या असतील तर पाण्यात उतरू नका, झोपताना जाळी सोडा. पाहुणे तिला हसून हेडमास्तरीण म्हणायचे. ती अंगणातली डबकी बुजवायची, बादल्या पालथ्या घालायची. मला तिचा फार अभिमान वाटायचा.

बाळ्या मोठा झाला, कारभार त्याच्या हाती आला. पाहुणे आता फोटो बघून येतात, असं त्यानं माईला समजावलं. दारात त्यानं मोठं घंगाळ पाण्यानं भरून त्यात फुलं तरंगत ठेवली. ते पाणी कुणी बदलेना. आणि एके दिवशी पलंगावर चढून त्यानं मला गोळा करून फीत आवळली. माझ्याच आत वाढलेल्या पोरानं!

मग एक जोडपं आलं, सोबत त्यांची छोटी मुलगी. आईनं आल्या आल्या विचारलं, "इथे डास आहेत का हो?"

"छे हो," बाळ्या म्हणाला, "समुद्राचा वारा आहे ना. आणि ती जाळी सोडू नका हं, चुण्या पडतात."

माई दारातच उभी होती. मी तिच्याकडे आशेनं पाहिलं. ती मान वळवून आत निघून गेली.

छोटी रोज दुपारी दमून माझ्याखाली झोपायची. घंगाळातले डास यायचे, तिच्या पायांवर बसायचे, आणि मी वर लटकून बघत राहायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. सुट्टी संपत आली आणि पोर तापानं फणफणली. बेटावरच्या डॉक्टरीणबाई खोलीत आल्या. डेंग्यूची लक्षणं आहेत, हिला पलीकडच्या मोठ्या रुग्णालयात न्या, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "झोपताना जाळी लावत नव्हता का?"

बाळ्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "जाळी होती की खोलीत. यांनीच सोडली नाही."

मुलीची आई रडवेली झाली. "तुम्हीच नको म्हणालात ना? माई, तुम्ही होतात तिथे. सांगा ना."

माईनं एकदा बाळ्याकडे पाहिलं. मग खाली बघत ती म्हणाली, "जाळी होती, ताई."

छोटीला होडीतून नेलं. पुष्कळ दिवसांनी ती बरी झाल्याचं कानावर आलं, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. पण माईचे ते शब्द मला अजून सलतात. मला शिवणाऱ्या हातांनी मला खोट्याची साक्षीदार केलं.

मित्रांनो, तुम्हीही कधी अशा बेटावर सुट्टीला जाल. फोटो खुशाल काढा. पण झोपताना, अगदी दुपारीसुद्धा, मला खाली सोडा आणि कडा नीट खोचा. साचलेलं पाणी दिसलं तर ओतून द्या. कुणी म्हणेल, इथे डास नाहीत. ऐकू नका.

माई हे सगळं विसरली असती, तर मी तिला माफ केलं असतं. पण तिला सगळं आठवत होतं.