कुकरच्या जागी पुस्तक

तीस वर्षं वॉर्डात ड्यूटी केलेल्या सिस्टरांनी आठवणींचं पुस्तक पदरच्या पैशानं छापलं आणि ऑनलाइन विक्रीला ठेवलं. तर वेबसाइटवर नाव त्यांच्या पुस्तकाचं आणि फोटो चक्क प्रेशर कुकरचा! खाली चारशे अभिप्राय: "झाकण घट्ट बसतं", "शिट्टी खणखणीत."

सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेशंटचा ताप बघावा तशी त्या दर चार तासांनी तक्रार नोंदवू लागल्या. पलीकडून दर वेळी एकच उत्तर यायचं, "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

"त्या दिलगिरीचं काय लोणचं घालू?" त्या सुनेवर डाफरल्या.

"आई, माझ्यावर कशाला ओरडता? तो फोटो मी लावलाय का?"

बाराव्या दिवशी एकदाचा फोटो बदलला. कुकरचे अभिप्रायही पुसले गेले. उरला एकच, तोही एका ताऱ्याचा.

"वाच बघू, कोण हा शहाणा!"

सुनेनं वाचलं, "कुकर मागवला होता, आलं पुस्तक. रागानं परतच पाठवणार होतो. पण बायको हॉस्पिटलमध्ये होती. तिच्या उशाशी बसून रोज थोडं वाचून दाखवलं. ती हसली. पुस्तक परत देणार नाही. कुकर मात्र अजून आलेला नाही, म्हणून एक तारा."

सिस्टरांनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"तक्रार नोंदव," त्या म्हणाल्या.

"आता कसली?"

"त्या माणसाचा कुकर पाठवा म्हणावं. आणि पाठवेपर्यंत दर चार तासांनी नोंदव."