भिजवलेले मोजे

"काचेतून काय बघतेस पोरी, पाण्यात हात घाल. पाणी हाताशी खोटं बोलत नाही."

आजोबांचा हा आवाज मावशीने परकरी वयात ऐकला आणि तो तिच्या हातातच मुक्कामाला राहिला. शोभेच्या माशांचं आमचं दुकान, चाळीस टाक्या. कोपरापर्यंत हात बुडवून ती म्हणायची, "हिला ताप आलाय," आणि खरंच त्या टाकीचा हीटर बिघडलेला असायचा.

तोच उजवा हात सहा महिने सुजला होता. आधीच्या दवाखान्यात संधिवात ठरला. गोळ्यांनी चार दिवस बरं वाटलं, मग सूज मनगट ओलांडून वर सरकली, गाठी उठल्या. तिथूनच लिहून दिलेलं त्याहून जालीम इंजेक्शन आज या नव्या दवाखान्यात सुरू व्हायचं होतं.

नव्या डॉक्टरीणबाईंनी फाइल उघडलीच नाही. आधी मावशीचे दोन्ही हात हातात घेतले, पाखरू धरावं तसे. एकेक पेर दाबत गेल्या.

"डावा ठणठणीत. असा एकाच हातावर रुसलेला संधिवात मी कमी पाहिलाय. हा उजवा दिवसभर करतो काय?"

"माशांना खाऊ घालतो," मावशी म्हणाली. "बसून खाणाऱ्यांचे लाड."

"टाक्याही धुते, पण रबरी हातमोजे घालून," मी मध्येच बोलले. "मीच आणून दिलेत. रोज दांडीवर ओले दिसतात."

बाई मावशीकडेच बघत राहिल्या. "पाण्यातला एखादा जंतू कातडीच्या चिरेतून शिरतो आणि महिनोन्‌महिने संधिवाताचं सोंग घेऊन बसतो. हे इंजेक्शन अंगाची लढायची ताकद कमी करतं. आत तसा जंतू असला, तर त्याला मोकळं रान. मला घाई नाही. आठवून सांगा."

बाहेर रांग होती. कंपाउंडर दोनदा डोकावला. बाईंनी मानेनेच त्याला परतवलं. सुजलेला हात त्यांनी सोडला नाही. असा धीर मी आणखी एकाच माणसात पाहिलाय: भेदरलेला मासा आपणहून बोटांशी येईपर्यंत पाण्यात हात न हलवता उभ्या राहणाऱ्या मावशीत.

मावशीने बाईंकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"आजारी माशांच्या टाकीत दगडाने बोट कापलं होतं," ती म्हणाली. "आणि ते मोजे... रोज नुसते भिजवून दांडीवर टाकायचे गं मी. तुझा जीव थाऱ्यावर राहावा म्हणून."