बोरखारचं एक मत

ऐरोलीच्या अलीकडे खाडीला चिकटून असलेल्या बोरखार गावाला एका गोष्टीचा भारी गर्व होता. मत द्यायचं तर सगळ्या गावाने एकालाच. ग्रामपंचायत होती तेव्हाही तसंच, आणि पंच्याण्णव साली महापालिकेची पहिली निवडणूक लागली तेव्हाही तसंच. गावदेवीच्या देवळात बैठक बसायची, पाटावर नारळ ठेवला जायचा आणि प्रत्येक घरच्या कर्त्या पुरुषाने त्यावर हात ठेवून घरातली सगळी मतं बांधून द्यायची. बायकांना वेगळी शपथ नव्हती. नवऱ्याने हात ठेवला की बायकोचं मतही त्यातच आलं.

त्या वर्षी वॉर्ड नेमका बायकांसाठी राखीव निघाला. गावकीचे प्रमुख कोंडिबा पाटील क्षणभर गोंधळले, पण असल्या अडचणींना ते पुरून उरणारे होते. त्यांच्या मर्जीतल्या धर्मराजला उभं करायचं ठरलंच होतं, मग त्याच्या बायकोला करू, झालं. त्याची बायको काशी घरी बोंबील साफ करत होती. धर्मराजने कागद पुढे केला, तिने हात पुसून सही केली आणि मग विचारलं, कसला कागद? तू उभी आहेस, असं सांगून तो जेवायला बसला.

पुढचा महिनाभर काशी हात जोडत फिरली. भाषणं धर्मराज करायचा. पोस्टरवर तिच्या फोटोशेजारी तेवढ्याच आकाराचा त्याचा फोटो होता. मला हे नको, असं तिने दोनदा सांगून पाहिलं. माझ्या सह्या तुम्ही घेणार आणि उद्या नळाला पाणी नाही आलं की बाया माझ्या दारात येणार, त्यांना मी काय सांगू? टेन्शन घेऊ नको, मी आहे ना, असं तो म्हणाला. तो होता, हेच तर टेन्शन होतं.

मतदानाच्या दिवशी पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती एकटीच उभी राहिली. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच तिच्या शेजारी कुणी नव्हतं. तिने शिक्का उचलला आणि कपबशीवर मारला. कपबशी म्हणजे नव्या इमारतींच्या सेक्टरमधली क्षिप्रा, शाळेत शिकवणारी, समोरची उमेदवार. काशीची तिच्याशी ना ओळख ना देख. पण नाही म्हणायला तिला दुसरी जागाच कुणी ठेवली नव्हती. वॉर्डातल्या चार हजार मतांत एक मत कोण शोधतंय, असं मनाशी म्हणत ती घरी आली आणि कधी नव्हे ती दुपारची झोपली.

प्रत्येक केंद्राची पेटी वेगळी मोजतात, हे बिचारीला ठाऊक नव्हतं. गावच्या पेटीत सहाशे बारा मतं निघाली. सहाशे अकरा काशीला, एक कपबशीला.

काशी भरघोस मतांनी निवडून आली, पण गावाला त्याचं काय. गुलाल तसाच कपाळावर घेऊन सगळे देवळात जमले. शपथ कुणी मोडली? नारळावर हात ठेवलेला पुरुष मोडणार नाही, हे सगळ्यांनी धरूनच घेतलं होतं. ज्या बाईमागे नवऱ्याची शपथ होती, तिच्याकडे बोट दाखवायचं म्हणजे नवऱ्याकडे दाखवायचं. ते कोण करणार? मग उरली गोजरा. ती विधवा, घरात कर्ता पुरुष नाही, म्हणून सगळ्या गावात तिनेच एकटीने स्वतःचा हात नारळावर ठेवला होता. बारा दिवसांवर तिच्या मुलीचं, मनस्वीचं लग्न होतं. कोंडिबांनी निर्णय दिला: गोजराच्या मांडवात कुणी पाय ठेवायचा नाही, हळदीला बायांनी जायचं नाही, गावकीची भांडी द्यायची नाहीत.

धर्मराजने काशीचं मनगट धरलं होतं ते सोडवून ती उभी राहिली.

"गोजराचं नाय, ते मत माजं हाय. मी मारला कपबशीवर शिक्का."

काशीला वाटलं, आता होऊ दे काय व्हायचं ते. धर्मराजचा चेहरा पांढरा पडला, पण हुशार माणूस, लगेच सावरला.

"बगा," तो हसत म्हणाला, "आमची नगरसेविका. गरिबाचं पाप सोताच्या डोक्यावर घेते."

आणि गावाने टाळ्या वाजवल्या. उभं राहिलेलं कुणी स्वतःच्या विरोधात मत देतं का, म्हणून म्हातारे कौतुकाने हसले. काशी पुन्हा सांगू लागली, गळा फाडून सांगू लागली, तसा टाळ्यांचा जोर वाढला. कुणीतरी तिच्या गळ्यात आणखी एक हार घातला. गोजराची शिक्षा होती तशीच राहिली.

पायऱ्यांवर काशीने गोजराला गाठलं आणि तिचे दोन्ही हात धरले. देवीची शपथ, मी खरं बोलले, असं ती रडत सांगू लागली.

"मला ठाव हाय गो," गोजरा म्हणाली. "तुजं तोंड बगूनच समजलं."

"मग तू का नाय बोललीस?"

"मी बोलून कोन आयकनार?" तिने हात सोडवून घेतले. "मी नारलाला भिऊन नाय दिलं मत. बाई निवडून येतेय, आपलं कोनतरी आयकंल, म्हनून दिलं तुला."

ती उतरून घराकडे गेली. मागून धर्मराज हाक मारत होता, मिरवणूक खोळंबली होती आणि नगरसेविकेशिवाय ट्रक हलणार नव्हता. काशी ट्रकवर चढली. धर्मराजने तिचे हात धरून लोकांपुढे जोडून दिले.