मूठ उघडणारा पंप

मी एक जुना पंप आहे, मित्रांनो, एका आईच्या हृदयातल्या पेशीच्या भिंतीत बसवलेला. आमच्यात थोडे दिवस टिकला तोही म्हाताराच. त्या शेवटच्या साध्या दिवशी आई मशीनवर गिऱ्हाइकाचे पडदे शिवत होती आणि मी माझं काम करत होतो.

माझं काम उपसण्याचं. पेशीत कॅल्शियम वाढलं की ती मुठीसारखी आवळते. त्यालाच तुम्ही ठोका म्हणता. मग माझे काही भाऊबंद ते आतल्या कोठारात भरतात, मी भिंतीबाहेर टाकतो, तेव्हा कुठे मूठ उघडते. बाहेर कॅल्शियमचा पूर, आत जेमतेम ओल. हा फरक राखायला सतत इंधन लागतं. ठोक्याचं कौतुक सगळे करतात. सैल सोडणाऱ्याला कोण विचारतो?

दुपारी लेक आली. "कॅल्शियमची गोळी घेतलीस?"

"घेतली गं माझी आई! भिंतीसारखी टणक झालेय. डोकं आपटून बघ."

आईने गिळायचं, हाडांनी ठेवून घ्यायचं, मी हाकलायचं, असा आमचा संसार.

"छातीत जळजळतंय जरा," आई दोरा तोडत म्हणाली. "पित्तच."

त्या घरात डोकेदुखीपासून रुसव्यापर्यंत सगळं पित्तच असे. लेक हसली. "माझ्यावर चिडलीस, म्हणून उसळलं."

"मग! तूच माझं पित्त."

माया बोलून दाखवायची रीत त्या दोघींत नव्हती. चिडवलं की पोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्ताची वाट अडली. प्राणवायू येईना, इंधन संपलं. कॅल्शियम मात्र आत येतच राहिलं. मी जागच्या जागी अडकलो. पेशी आवळत गेली, आवळतच गेली. जन्मभर उघडत आलेली मूठ मला उघडता आली नाही.

मित्रांनो, मला कोणी तेलपाणी करू शकत नाही. माझ्यापर्यंत रक्त पोचू द्या, एवढंच मागणं. छातीतल्या जळजळीला घरगुती नाव देऊन गप्प बसवू नका. वेळेवर डॉक्टरांना दाखवा.

दवाखान्याच्या खोलीत डॉक्टर खालच्या आवाजात "आई गेल्या" एवढंच बोलले आणि दार ओढून गेले. लेकीने आईच्या बोटाला चिकटलेला पडद्याचा धागा काढला. चिडवण्यासारखं काही तिला सुचेना.

"आई," ती मोठ्याने म्हणाली, "मला तुझ्याशिवाय करमत नाही गं."