पाचशेवा माणूस

पाचशेच्या खाली वस्ती असली की गावात बस येत नाही, आणि आम्ही होतो चारशे नव्व्याण्णव. सात किलोमीटरवरच्या फाट्यावर उतरायचं आणि तंगडतोड करत घरी यायचं. माझी बायको आठवड्यातून दोनदा शहरात रक्त धुऊन घ्यायला जाते. परतताना तिला दोन पावलं टाकवत नाहीत. मी तिला सायकलवर बसवून आणायचो आणि वाटभर बसवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो.

मी गावचा मास्तर, म्हणून शिरगणतीचं लोढणं माझ्याच गळ्यात. कच्ची यादी केली, बेरीज दोनदा तपासली, एक माणूस कमीच. खोटं नाव घालायची माझी छाती नव्हती. मग लोहाराचा धाकटा भाऊ आठवला. घराच्या वाटणीवरून थोरल्याने त्याला तीन वर्षांपूर्वी हाकललं होतं. शहरात तो गाड्यांचे पत्रे ठोकायचा. मी त्याला फोन केला. "गणतीला घरी ये. नाव लागलं की घरात तुझा वाटा पक्का," म्हणालो. वाट्याचं मी पदरचं घातलं होतं. गणतीच्या कागदाने कुणाला घर मिळत नाही, हे मला ठाऊक होतं. त्या दोघा भावांना नव्हतं.

गणतीच्या सकाळी मी फॉर्म घेऊन लोहाराच्या दारात गेलो. थोरला ऐरणीवर पहार ठोकत होता. धाकटा चहाचा कप घेऊन बाहेर आला. म्हातारी आई उंबऱ्यावर बसली होती.

"घरात माणसं किती?" मी विचारलं.

"पाच," थोरला म्हणाला.

"सहा," धाकटा म्हणाला. "माझं नाव लिहा, मास्तर."

"लिहून तर बघा," थोरला म्हणाला.

मी लिहिलं. मला फक्त बस दिसत होती.

थोरल्याने घण उचलला. पहिला घाव खांद्यावर बसला, हाड मोडलेलं ऐकू आलं. "वाटा पाहिजे ना? घे," म्हणत त्याने दुसरा डोक्यात घातला. रक्त ऐरणीवर उडालं, माझ्या फॉर्मवर उडालं. म्हातारीने पोराचं फुटलेलं डोकं दोन्ही हातांनी दाबून धरलं.

गाव धावून आलं. थोरल्याला फरफटत रस्त्यावर आणलं, दगडांनी ठेचलं, त्याच्याच पहारीने गुडघा फोडला. "आमची बस घालवलीस," असं एकजण प्रत्येक फटक्याला म्हणत होता. मीही मारलं. तोंडावर लाथा घातल्या, दात पडेपर्यंत. ते तोंड उघडलं असतं तर धाकट्याला बोलावलं कुणी, हाच प्रश्न बाहेर आला असता. ती भीती माझ्या पायात उतरली होती.

धाकट्याला खाटेवर घालून आम्ही फाट्याकडे पळत सुटलो. तिसऱ्या किलोमीटरला तो गेला.

नियम असा की गणतीच्या दिवशी सूर्योदयाला जो जिवंत, तो मोजायचा. म्हणून तो मोजला गेला. चार महिन्यांनी बस सुरू झाली.

पहिल्याच दिवशी बायकोला घेऊन चढलो. म्हातारी आधीच बसली होती, थोरल्याला भेटायला तुरुंगात निघाली होती. ती उठली आणि बायकोला म्हणाली, "खिडकीशी बस गं, वारा लागेल." बस सुटल्यावर सहज बोलावं तसं बोलली, "मास्तरांचा फोन आल्यावर किती हरखला होता. घरात वाटा मिळणार म्हणाला. नवा शर्ट घालून आला."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही बोलावलंत त्याला?"

"हो."

"माझ्यासाठी?"

तिने कंडक्टरला बस थांबवायला सांगितली आणि उतरली. मी मागोमाग उतरलो. बस निघून गेली. फाटा अजून पाच किलोमीटर होता, ती तिकडेच चालू लागली. वाटेत ती दोनदा मटकन खाली बसली, दोन्ही वेळा मी हात पुढे केला, आणि दोन्ही वेळा ती जमिनीवर हात टेकून स्वतःच उठली.