पापडांच्या दोरीवरच्या चिंध्या

अक्षताने गॅलरीत तैलरंगांचा पसारा मांडला तेव्हाच मी सांगितलं होतं, एक भानगड झाली की ही जत्रा खाली. सून गुणी, पण हट्टी. ब्रश पुसलेल्या चिंध्या ती माझ्या पापडांच्या दोरीवर एकेक सुटी वाळत घालायची. मुलुंडला आख्खा संसार गेला, माझ्या गॅलरीत अशी लक्तरं कधी लोंबली नव्हती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका येणार, म्हणून दुपारी मी ती काढली. नीट घड्या घातल्या, पिशवीत दाबून भरल्या, पिशवी गोधड्यांच्या कपाटात. शाळा चौथीत सुटली, पण घडी घालायची सवय नाही सुटली.

संध्याकाळी तिळगूळ वाटताना शेजारची नलिनी नाक फेंदारून म्हणाली, "मावशी, काही करपतंय का हो?"

"माझ्या घरात करपत नाही. तूच दूध ठेवून आली असशील."

अक्षता गॅलरीतून ओरडली, "आई, चिंध्या कुठायत?"

मी कपाट दाखवलं. तिने पिशवी ओढली, तर तव्यावरच्या भाकरीसारखी गरम, वर धुराची रेघ! धावत जाऊन तिने ती मोरीतल्या भरल्या बादलीत बुडवली. चर्र झालं.

"जवसाचं तेल असतं त्यात," ती धापा टाकत म्हणाली. "सुकताना तापतं. सुटं असलं की ऊब निघून जाते, कोंबलं की आतच कोंडते. मग पेटतं."

"काडी न लावता?"

"काडी न लावता."

नलिनीचे डोळे चमकले. "मग बंदच करा हे रंगांचं खूळ, मावशी!"

अक्षताचं तोंड एवढंसं झालं. भानगड तर झाली होती.

मला गावची उडवी आठवली. भावाने ओलं गवत रचलं, ते आतून तापून जळालं. म्हणून काय त्याने गुरं विकली? पुढच्या वर्षी वाळवून रचलं.

"बंद का गं?" मी म्हटलं. "दूध उतू गेलं तर तू चूल फोडतेस? रंगांनी काही केलं नाही. घडी माझी होती. जाळ निघेल इतकी घट्ट घडी घालणारी आहे का कोणी तुमच्यात?"

बायका हसून लोळल्या. अक्षता तर माझ्या गळ्यातच पडली, रंगाच्या हातांनी. नव्या साडीवर निळा डाग. पडू दे.

आता उन्हातली ती दोरी तिचीच. चिंध्या मी स्वतः सुट्या घालते, एकीला दुसरी लागू देत नाही. पापड नलिनीच्या गॅलरीत वाळतात. तिला विचारायची काही गरज वाटली नाही.