एकालाच अडवलं

पहिला ठोसा जावयाच्या जबड्यावर बसला, दुसरा नाकावर. विमानाच्या पायरीवरून तो कोलमडला आणि मनगटावर पडला. काहीतरी कडकन मोडल्याचा आवाज आला. तरी मिस्त्रीने त्याला सोडलं नाही. छातीवर गुडघा रोवून बसला.

"बाबा, वेड लागलंय का तुम्हाला?" रक्त थुंकत जावई ओरडला.

"लागलंय. उठलास तर दुसराही हात मोडीन तुझा."

सात वर्षं त्याने जावयाला अहो-जाहो केलं होतं.

हँगरचे पत्रे थाडथाड आपटत होते. बाहेर वारा धावपट्टीला आडवा, डावीकडून येत होता, आणि तोही सलग नाही. एकदम पडायचा, सावरायच्या आत पुन्हा अंगावर यायचा. लहान विमानांची इंजिनं खोलता-जोडता तीस वर्षांत मिस्त्री एवढं शिकला होता, की जोराचा वारा परवडला, पण हा हिसक्यांचा वारा नको. तो विमानाला वेळेआधी उचलतो आणि वेग यायच्या आत सोडून देतो. खाली सावरायला जागा नसते.

विमानाच्या मालकाला हे कळत नव्हतं असं नाही. पण खाणीवर पंपाचे सुटे भाग दुपारच्या आत पोचवायचा शब्द तो देऊन बसला होता. विमान जावई नेणार होता. तो आधी "वारा बघू" म्हणाला होता. मालकाने चारचौघांत "भ्यालास का?" विचारलं, आणि तो तडक विमानात चढायला निघाला.

दोघा हमालांनी मिस्त्रीला ओढून बाजूला केलं. जावयाचा हात लुळा लोंबत होता.

"उद्यापासून येऊ नका," मालक मिस्त्रीला म्हणाला, आणि दाराशी उभ्या असलेल्या दुसऱ्या पायलटकडे वळला. त्याला सगळे निवांतराव म्हणत, कारण हातातला चहा संपल्याशिवाय तो कधी इंजिन सुरू करत नसे. मिस्त्रीचा तो वीस वर्षांचा दोस्त.

"मी नेतो," निवांतराव म्हणाला.

मिस्त्री त्याच्या मागोमाग विमानापर्यंत गेला. "अरे, तासभर थांब. वारा पडेल."

"असले वारे खूप पाहिलेत. माल पोचला की मालक थंड होईल. मग तुझ्या नोकरीचं बोलतो. घरी बसून काय करणार तू, वहिनींचं डोकं खाणार?"

मिस्त्रीने त्याचा दंड धरला. निवांतरावने हसत त्याची बोटं एकेक करून सोडवली. मिस्त्रीने ती सोडवू दिली.

अर्ध्या पट्टीवरच झोताने विमान उचललं. डावा पंख वर उसळला, निवांतरावने तो दाबून धरला, आणि नेमका तेव्हाच वारा पडला. दाबलेला पंख जमिनीत रुतला. विमान त्याच्यावर गरकन फिरलं, नाकावर आपटलं, उलटं होऊन घासत कुंपणाच्या तारांत घुसलं.

मिस्त्री पोचला तेव्हा पेट्रोल भळाभळा वाहत होतं. चेपलेलं दार त्याने नुसत्या हातांनी उचकटलं. तळवे फाटले. मोडका हात पोटाशी धरून जावईही पोचला, आणि दोघांनी उलट्या लटकलेल्या निवांतरावला पट्टा कापून बाहेर ओढलं. वीस पावलं गेले नसतील, तोच मागे भडका उडाला. वाऱ्याने ज्वाळा त्यांच्या पाठीपर्यंत आणल्या.

गवतावर निवांतरावच्या तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत राहिले. मग येईनासे झाले.

घरी लेकीने नवऱ्याचं प्लॅस्टर पाहिलं आणि बापाला घट्ट मिठी मारली. मिस्त्रीला ती मिठी सहन होईना.

तिसऱ्या दिवशी तो निवांतरावच्या घरी गेला. दार बायकोनेच उघडलं.

"या भावजी." तो आत आल्यावर ती म्हणाली, "जावयांना तुम्ही अडवलंत म्हणे. मारून."

"हो."

"आणि यांना?"

"सांगितलं होतं, वहिनी. थांब म्हणून सांगितलं होतं."

आतून एक खुर्ची आणून तिने त्याच्यासमोर ठेवली. तो बसला नाही. खुर्चीची पाठ धरून ती तशीच उभी राहिली, आणि दोघांच्या मध्ये ती खुर्ची बराच वेळ रिकामी होती.